‘क्विक’ म्हणजे चपळ नव्हे

इंग्रजी विश्वासांगीकाराच्या जुन्या पाठात ख्रिस्त ‘क्विक’ आणि ‘डेड’ यांचा न्याय करायला येणार, असे शब्द आहेत. दृढीकरणाच्या वर्गात अर्थ विचारला की मुले सांगतात, चपळांचा आणि मेलेल्यांचा. एकाने तर विचारले, “मग हळू चालणाऱ्यांचं काय?” मुलांचा दोष नाही. दहा मिनिटांत किराणा घरी आणणाऱ्या धंद्यालाही आज ‘क्विक’ म्हणतात.

पण हा शब्द मुळात वेगाचा नाही. जुन्या इंग्रजीत ‘क्विक’ म्हणजे जिवंत. जिवंत ते हालते, हालते ते चपळ, अशा पायऱ्यांनी अर्थ सरकत गेला आणि पहिला अर्थ जवळजवळ विसरला गेला. त्याच्या खुणा मात्र उरल्या आहेत. पाऱ्याला इंग्रजीत ‘क्विकसिल्व्हर’ म्हणतात, म्हणजे जिवंत चांदी. नखाखालच्या हुळहुळ्या मांसालाही ‘क्विक’च म्हणतात. भाषेचे अभ्यासक आणखी मागे जातात. लॅटिनमधला ‘व्हिवस’, संस्कृतातला ‘जीव’ आणि हा ‘क्विक’ एकाच मुळातून आले आहेत, म्हणजे आपला ‘जिवंत’ त्याचा भाऊबंदच झाला.

1611 च्या इंग्रजी बायबलात हा शब्द जुन्या अर्थाने येतो. गणना 16 मध्ये कोरहाचे लोक ‘क्विक’ खाली गेले म्हणजे झपाट्याने नव्हे, जिवंतपणी गेले. इब्री 4:12 मध्ये देवाचे वचनही ‘क्विक’ आहे. तिथे वेगाचा अर्थ घेतला तर सगळा जोरच निघून जातो. आपल्या मराठी शास्त्रातला ‘सजीव’ हा शब्द तिथे चपखल बसतो.

सुरतेला हा शब्द नवा नाही. इंग्रजांच्या वखारीत पाद्री असत, प्रार्थना होत, आणि त्यांच्या प्रार्थनापुस्तकातल्या विश्वासांगीकारात हाच ‘क्विक’ होता. 1664 मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर आले तेव्हा वखारीचा प्रमुख जॉर्ज ऑक्झेंडन होता. 1669 मध्ये तो इथेच वारला. कतारगाम रस्त्यावरच्या इंग्रजी कबरस्तानात त्याची भव्य कबर आजही उभी आहे. रोज ‘क्विक’ म्हणणाऱ्याला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नसे.

नवापूर-नंदुरबारकडून इथे आलेल्या आपल्या कुटुंबांत हल्ली एक सूर ऐकू येतो : पोरांना मराठी जड जाते, विश्वासांगीकार इंग्रजीतच घेऊ या. मला हे पटत नाही. शाळेची भाषा कोणतीही असो, ‘जिवंत’ हा शब्द आपल्या घरातले लहान पोरही ओळखते. (नव्या इंग्रजी पाठात ‘लिव्हिंग’ घातले आहे हे खरे, पण आपल्याकडची छापील पुस्तके जुनीच आहेत.) सोपे म्हणून इंग्रजी घ्यायचे आणि नेमक्या त्याच ओळीवर पोरांनी अडखळायचे, यात काय मिळवले?

आणि ती ओळ साधी नाही. विश्वासांगीकारात मरिया आहे, पिलात आहे, संतांची सहभागिता आहे. या ओळीत आपण आहोत. मेलेले म्हणजे आपले आजी-आजोबा, कबरस्तानात निजलेले. जिवंत म्हणजे बाकावर उभे राहून हे म्हणणारे, मागच्या रांगेत मोबाईल चाळणारेसुद्धा. मुलगा तिथे ‘चपळ’ ऐकतो तेव्हा ते वाक्य त्याला दुसऱ्याच कुणाबद्दलचे वाटते.

येत्या आगमनकाळात वर्गात हा भाग मराठीतच घ्यायचा आणि ‘जिवंत’ या शब्दाशी थांबून मुलांना विचारायचे : हे कोण?