रोकड कीं कार्ड? शेतकऱ्यानें काय धरावें

हल्लीं मुळशी तालुक्यांत पौड, घोटवडे, पिरंगुट अशा बाजाराच्या गांवीं गेलें असतां किराण्याच्या दुकानापासून भाजीच्या पाटीपर्यंत जिकडे तिकडे काळ्यापांढऱ्या ठिपक्यांच्या चौकटीचा कागद टांगलेला दिसतो. खतविक्रेत्याच्या गल्ल्याशेजारीं कार्ड घासण्याचें यंत्रही असतें. हिंजवडी व माण या बाजूस नोकरदारांची वस्ती वाढल्यापासून, खिशांत एकही नोट न बाळगतां महिना काढणारीं माणसें आपल्याच तालुक्यांत पुष्कळ झालीं आहेत. तीं आपणांस सांगतात कीं, नोटांचा काळ संपला. शेतकऱ्यानेंही आतां कार्ड व फोन धरावा. उलट पक्षीं आपल्यांतील वडीलधारी मंडळी म्हणतात कीं, मुठींत आहे तेंच आपलें. यंत्रांत गेलेला पैसा कोणीं पाहिला आहे? दोन्ही पक्षांचें म्हणणें तपासून शेतकऱ्याच्या हिताचें काय तें ठरविणें अवश्य आहे, म्हणून आज हा विषय वाचकांपुढें मांडीत आहों.

प्रथम एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. नोकरदाराचा पगार महिन्याच्या महिन्यास बँकेंत जमा होतो आणि तेथूनच थोडा थोडा खर्च होतो. त्याचा पैसा मुळीं बँकेंतच जन्मास येतो. तो तेथेंच फिरविणें त्याला सोपें आहे. शेतकऱ्याचें तसें नाहीं. आपलें भात दिवाळीच्या सुमारास निघतें व त्याचा पैसा पुढें एकदोन खेपांत हातीं येतो. खर्च मात्र लावणीच्या ऐन चिखलांत येतो, आणि तोही एकदम. बायामाणसांची मजुरी संध्याकाळीं बांधावरच चुकती करावी लागते. ज्या घरची चूल त्या दिवसाच्या मजुरीवर पेटावयाची, त्या घरच्या माणसास ‘खात्यावर टाकतों’ असें सांगणें म्हणजे त्याला दुसऱ्या दिवशीं बँकेच्या दारांत उभें करून आणखी एका दिवसाची मजुरी बुडविणें होय. म्हणून शहरांतील सोय जशीच्या तशी खेड्यांत आणून चालणार नाहीं.

असें असलें तरी रोकडीच्या बाजूनें बोलणाऱ्यांनीं आपल्या जिल्ह्याचा इतिहास विसरूं नये. रोख दिलेला पैसा मुका असतो. तो कोणीं दिला, कोणास दिला व कशापोटीं दिला, हें तो स्वतः सांगत नाहीं. १२ मे १८७५ रोजीं याच जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचीं दुकानें गांठून कर्जखतें व वह्या जाळल्या. त्या क्षोभाचीं कारणें पुष्कळ होतीं. कापसाचा भाव उतरला होता आणि साऱ्याची वाढ झाली होती. परंतु त्यांतील एक कारण असें कीं, कुणबी जें फेडी त्याचा लेख त्याच्यापाशीं नसे, आणि कोर्टांत सावकाराची वही तेवढी बोले. म्हणूनच १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांस दिलासा देणारा जो कायदा झाला, त्यांत फेडलेल्या रकमेची लेखी पावती व हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क शेतकऱ्यास मुद्दाम देण्यांत आला. आमच्या मतें रोकड व कार्ड या वादाचें मर्म येथेंच आहे. पैसा कशाच्या रूपानें फिरतो यापेक्षां त्याचा लेख कोणाच्या हातीं राहतो, हा प्रश्न शेतकऱ्यास अधिक महत्त्वाचा आहे.

या कसोटीवर पाहतां, येणें पैसे खात्यावर घेण्यांत शेतकऱ्याचा निखालस फायदा आहे. जो आपल्या तांदळाची, भाजीची व दुधाची किंमत खात्यावर घेतो, त्याच्यासाठीं अडत्याच्या वहीहून निराळी, तिऱ्हाइतानें ठेवलेली एक वही आपोआप तयार होते. पट्टींत तोलाई व हमाली वजा जाऊन किती निघाले आणि प्रत्यक्ष किती मिळाले, हें ताडून पाहतां येतें. पुढें कर्जासाठीं बँकेपुढें उभें राहतांना वर्षाची आवक दाखवितां येते, आणि भाऊबंदांत हिशेबाची वेळ आली तर तोंडी साक्षीवर विसंबावें लागत नाहीं. शिवाय एकाच व्यवहारांत दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीनें घेण्यास २०१७ पासून कायद्यानें बंदी आहे. बैलजोडी विकणाऱ्यास हा नियम क्वचितच आड येईल. परंतु जुना ट्रॅक्टर विकणाऱ्यानें तो जाणून असावें.

आतां दुसरी बाजू पाहूं. रोकड म्हणजे पूर्ण स्वातंत्र्य, ही समजूत ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्रीं खोटी ठरली. त्या रात्रीं पांचशें व हजार रुपयांच्या नोटा रद्द झाल्या. चलनांतील नोटांच्या एकूण मूल्यापैकीं सुमारें ८६ टक्के मूल्य त्या दोन नोटांत होतें. पुढें १४ नोव्हेंबरपासून जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांस जुन्या नोटा घेण्याची मनाई झाली. गांवच्या सोसायटीच्या सभासदांचें खातें बहुधा याच बँकांत. त्यामुळें रब्बीच्या ऐन पेरणींत शेतकऱ्याची नोट घरांत असून निरुपयोगी झाली आणि त्याच्या बँकेचें दारही अर्धें मिटलें. तात्पर्य, डब्यांतील नोट ही देखील सरकारच्या शब्दावरच चालते.

त्याच सुमारास कार्डाच्या पक्षाचीही परीक्षा झाली, आणि ती आपल्यासारख्याच भातपिकाच्या मुलुखांत झाली. ठाणें जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यांतील धसई हें गांव १ डिसेंबर २०१६ रोजीं राज्यांतील पहिलें रोकडविरहित गांव म्हणून मोठ्या थाटानें जाहीर करण्यांत आलें. दुकानदारांस यंत्रें दिलीं गेलीं. वडापावचे पैसेही कार्डानें देतां येतात असें सांगण्यांत आलें. परंतु नोटांची टंचाई सरली तसतसा धसईचा व्यवहार बहुतांशीं पुन्हा रोखीवर आला. यंत्राला संदेशवाहनाची दोरी अखंड लागते व त्याचा खर्च दुकानदारास सोसावा लागतो; आणि भोवतालच्या खेड्यांतून बाजारास येणाऱ्या माणसापाशीं कार्ड असेलच असें नसतें. हुकुमानें किंवा समारंभानें बाजाराची रीत बदलत नाहीं, हा धसईचा धडा आहे.

देशाचे आंकडेही हेंच सांगतात. फोनवरून पैसे देण्याची यूपीआय ही पद्धत एप्रिल २०१६ मध्यें सुरू झाली, आणि ऑगस्ट २०२३ मध्यें तिचे एका महिन्याचे व्यवहार प्रथमच १,००० कोटींच्या वर गेले. इतकें झालें म्हणून रोकड आटली काय? नाहीं. नोटाबंदीच्या वेळीं सुमारें १७ ते १८ लाख कोटी रुपयांच्या नोटा चलनांत होत्या. मार्च २०२५ अखेर त्या ३६ लाख कोटींहून अधिक झाल्या. दोन्ही वाढलीं, यावरून लोकांस दोन्हींचें काम पडतें हें उघड आहे.

आपल्या तालुक्यास तर हवामानाचाही विचार केला पाहिजे. जुलै २०२४ मध्यें ताम्हिणी घाटांत चोवीस तासांत ५०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला आणि लवासाकडे दरड कोसळली. अशा दिवसांत वीज जाते, मनोऱ्याचा संदेश तुटतो, आणि खात्यावर लाख रुपये असले तरी वाण्याकडून काड्यापेटी मिळत नाहीं. ही अडचण केवळ आपल्या डोंगरखोऱ्यांतील आहे असें कोणीं समजूं नये. २८ एप्रिल २०२५ रोजीं स्पेन व पोर्तुगाल या देशांची वीज एकाएकीं गेली, तेव्हां तेथील कार्डयंत्रें बंद पडलीं आणि ज्याच्या खिशांत नोटा त्यालाच भाकरी व पाणी विकत घेतां आलें. रोकड जवळजवळ सोडून दिलेल्या स्वीडन देशाचें सरकारही अलीकडे लोकांस सांगूं लागलें आहे कीं, संकटकाळासाठीं थोडी रोकड घरीं बाळगा.

बँकेंतला पैसा सर्वस्वीं निर्धोक असतो असेंही नाहीं. ऑगस्ट २०१८ मध्यें पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेंत चोरट्यांनीं शिरकाव करून, बनावट कार्डांनीं देशोदेशींच्या यंत्रांतून व इतर मार्गांनीं सुमारें ९४ कोटी रुपये लांबविले. ठेवीदारांच्या खात्यांस धक्का लागला नाहीं असें बँकेनें जाहीर केलें, ही समाधानाची गोष्ट. रुपी सहकारी बँकेच्या ठेवीदारांची कहाणी अधिक कष्टाची आहे. २०१३ सालीं त्या बँकेवर निर्बंध आले, ठेवीदारांस स्वतःचेच पैसे काढण्याची बंदी वर्षानुवर्षें सोसावी लागली, आणि २०२२ सालीं बँकेचा परवानाच रद्द झाला. २०२० पासून एका बँकेंतील एका ठेवीदाराच्या पांच लाखांपर्यंतच्या ठेवीस विम्याचें संरक्षण आहे. १९२१ सालीं ‘जान किंवा जमीन’ म्हणून टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह करणाऱ्या या तालुक्यांत अलीकडे जमिनी विकून मोठ्या रकमा घरांत आल्या आहेत. अशी रक्कम एकाच बँकेंत, आणि तीही फोनला जोडलेल्या खात्यांत ठेवणें, हें सारें बीं एकाच वाफ्यांत टाकण्यासारखें आहे.

कार्डांतही कार्डें दोन जातींचीं आहेत, हा भेद पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. एक कार्ड आपल्याच शिलकेंतून पैसे देतें. दुसरें उसने पैसे देतें. या दुसऱ्यावर आमचा कटाक्ष आहे. त्याची फेड महिन्याच्या महिन्यास करावी लागते, आणि मुदत चुकली कीं व्याज बहुधा दरमहा शेंकडा तीन ते पावणेचारपर्यंत जातें. म्हणजे वर्षाकांठीं शेंकडा चाळिसाच्या आसपास. ज्याची आवक वर्षांतून दोनदां, त्यानें दर महिन्यास फेडावयाचें कर्ज काढणें म्हणजे मृगांत पेरलेलें पीक आषाढांतच कापूं पाहणें होय. शेतकऱ्यासाठीं १९९८ सालीं निघालेलें किसान क्रेडिट कार्ड याहून निराळें आहे. त्याची मुदत पिकाच्या हंगामाशीं बांधलेली असते, आणि वेळेवर फेड करणारास ठराविक मर्यादेपर्यंतच्या पीककर्जावर सवलतीनें व्याज शेंकडा चारपर्यंत उतरतें. शहरांतील दुकानांत आग्रहानें गळ्यांत घातलें जाणारें कार्ड व हें कार्ड नांवानें सारखें असलें तरी गुणानें सारखें नाहीं.

सर्वांत मोठा धोका मात्र यंत्रांत नसून आपल्या भोळेपणांत आहे. कार्ड पाकिटांत आणि त्याचा पिन कागदावर लिहून त्याच पाकिटांत, ही रीत घरोघर आढळते. कांहीं ठिकाणीं तर कार्ड दुकानदारापाशींच ठेवून ‘तूंच काढून घे’ असें सांगितलें जातें. पूर्वीं कोऱ्या कागदावर अंगठा देणारा कुणबी आणि आज दुसऱ्यास पिन सांगणारा शेतकरी यांत अंतर तें काय? २०१७ सालीं रिझर्व्ह बँकेनें असा नियम घालून दिला कीं, ग्राहकाचा दोष नसतांना त्याच्या खात्यांतून पैसे गेले व त्यानें तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेस कळविलें, तर तोटा त्याच्यावर पडूं नये. परंतु ज्यानें आपण होऊन पिन सांगितला, त्यानें बँकेस कळवीपर्यंतचा तोटा त्याचा त्यानेंच सोसावा. हा नियम प्रत्येक घरांत वाचून दाखविण्यासारखा आहे.

या सर्व विचारांवरून आमच्या सूचना पुढीलप्रमाणें आहेत. विक्रीचे पैसे शक्य तों खात्यावर घ्यावे आणि पट्टी जपून ठेवावी. बियाणें, खत व औषधें यांची मोठी खरेदी खात्यावरून करावी व बिल घ्यावें. बियाणें उगवलें नाहीं तर तक्रारीस तोच आधार. मजुरी व आठवड्याचा बाजार रोखीनें चालवावा. मात्र मजुरीची नोंद घरच्या वहींत त्याच रात्रीं करावी. मृग लागण्यापूर्वीं एका महिन्याच्या घरखर्चापुरती रोकड, लहान नोटांच्या रूपानें, घरांत काढून ठेवावी. त्याहून अधिक ठेवूं नये, कारण डब्यांतील नोटेस व्याज नाहीं आणि चोराचें भय आहे. कार्ड व फोन यांसाठीं निराळें लहान खातें असावें व त्यांत हंगामापुरतीच रक्कम ठेवावी. पैसे घेण्यासाठीं पिन कधींच लागत नाहीं. तो मागणारा लुबाडावयास आला आहे असें खुशाल समजावें. फसगत झालीच तर त्याच दिवशीं बँकेस व १९३० या क्रमांकावर कळवावें.

एक गोष्ट राहिली. खातें, कार्ड व वही यांचें ज्ञान घरांतील एकाच कर्त्या पुरुषापाशीं असूं नये. सरकारी योजनांचे पैसे आतां स्त्रियांच्याही खात्यांवर येतात. त्यांचें पासबुक त्यांनाच वाचतां आलें पाहिजे. नातवानें आजीचा फोन चालवून द्यावा यांत कौतुक आहे, पण आजीच्या खात्यांत किती शिल्लक आहे हें आजीस ठाऊक असावें. गांवच्या सोसायटीनें पेरणीपूर्वीं एक संध्याकाळ काढून सभासदांस, त्यांच्या घरच्या स्त्रियांसह, एवढें शिकविलें तर तें काम मोलाचें होईल. नोट असो वा कार्ड, ज्याला आपला हिशेब स्वतः वाचतां येतो त्याचाच पैसा त्याच्या घरीं राहतो.