पेशीतील भट्टी आणि ताटातील साखर

परळहून पेट स्कॅनचा अहवाल घरी येतो आणि सिल्व्हर पार्कमधील एखाद्या घरात त्याच संध्याकाळी साखरेचा डबा स्वयंपाकघरातून नाहीसा होतो. काही ठिकाणी ग्लुकोज अधिक शोषले गेले आहे, असे अहवालात म्हटलेले असते. दुकानातून परतलेला मुलगा ते वाचतो, मोबाइलवर आलेला एखादा संदेश त्याला जोडतो आणि ठरवून टाकतो की कर्करोग साखरेवर जगतो; साखर तोडली की रोगही तुटेल. प्रथम चहातील साखर जाते, मग फळे, मग भात. महिनाभरात वडिलांचे वजन इतके उतरते की डॉक्टरांना केमोथेरपीची पुढची फेरी लांबवावी लागते.

या समजुतीच्या मुळाशी एका थोर शास्त्रज्ञाचे निरीक्षण आहे. बर्लिनचे ओटो वारबर्ग यांनी १९२०च्या दशकात गाठींच्या पातळ चकत्या काचपात्रात ठेवून त्या किती प्राणवायू घेतात, हे मोजले. निरोगी पेशी ग्लुकोजचे तुकडे तंतुकणिका नावाच्या आपल्या सूक्ष्म भट्टीत प्राणवायूच्या साहाय्याने पूर्ण जाळते. गाठीतील पेशी मात्र प्राणवायू भरपूर असतानाही ग्लुकोज अर्धवट फोडून लॅक्टिक आम्ल बाहेर टाकते, असे त्यांना आढळले. हा तर शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार! ग्लुकोजच्या एका रेणूपासून भट्टीच्या मार्गाने ऊर्जेची सुमारे ३० नाणी मिळतात, या मार्गाने अवघी २. म्हणून अशी पेशी ग्लुकोज अधिक ओढते आणि पेट स्कॅन नेमकी हीच ओढ टिपते. भारतात ही तपासणी प्रथम सुरू झाली ती २००२ साली, परळच्याच रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये.

वारबर्ग यांना १९३१चे नोबेल पारितोषिक मिळाले, ते श्वसनाच्या विकरावरील संशोधनासाठी. पुढे १९५६ साली त्यांनी ठामपणे लिहिले की भट्टीचा बिघाड हेच कर्करोगाचे मूळ होय. निरीक्षण टिकले, कारण मात्र त्या रूपात टिकले नाही. बहुतेक गाठींतील तंतुकणिका चालूच असतात, असे नंतरच्या संशोधनात दिसून आले. तंतुकणिकेतील विकराचे जनुकच बिघडल्याने होणाऱ्या गाठीही आहेत (२००० साली असे एक जनुक सापडले), पण त्या विरळ. एरवी पेशी तोट्याचा मार्ग धरते, कारण भराभर वाढणाऱ्या पेशीला नव्या बांधकामाचा मालही हवा असतो आणि तो अर्धवट फोडलेल्या ग्लुकोजमधून मिळतो.

तंतुकणिकेचे दुसरे काम कळायला फार उशीर लागला आणि त्या कथेत एक मराठी नाव येते. लेखिका दुर्गा भागवत यांच्या भगिनी कमला, म्हणजे पुढे कमला सोहोनी, यांना १९३३ साली बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला होता. त्या हटल्या नाहीत. प्रवेश मिळवलाच आणि पुढे केंब्रिजला गेल्या. सायटोक्रोम-सी हे श्वसनातील प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असते, हे त्यांनी तेथे दाखवून दिले आणि १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. हे प्रथिन त्यांना सापडले ते बटाट्यात, अनेक जैन स्वयंपाकघरांचा उंबरठा न ओलांडणाऱ्या कंदात!

भट्टीत इलेक्ट्रॉन पुढे पोहोचविणे, एवढेच काम त्या काळी या प्रथिनाच्या नावावर होते. १९९६ साली अमेरिकेत शियाओडाँग वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की तेच सायटोक्रोम-सी तंतुकणिकेबाहेर पडले की पेशी स्वतःला मोडीत काढू लागते. दुरुस्तीपलीकडे बिघडलेल्या पेशीने निघून जावे, यासाठी शरीराने केलेली ही सोय. काही कर्करोगांत बीसीएल-२ नावाचे प्रथिन ते दार दाबून धरते आणि जायला हवी ती पेशी राहून जाते. त्या प्रथिनाची पकड सोडवणारे व्हेनेटोक्लॅक्स हे औषध २०१६ पासून एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगावर वापरात आले.

ताटातील साखर तोडून हे दार उघडत नाही. अन्न थांबले तरी यकृत ग्लुकोज तयार करीतच राहते आणि त्यासाठी लागणारी प्रथिने स्नायूंतून काढून घेते; झीज होते ती रुग्णाची. स्कॅनपूर्वी काही तास उपाशी राहण्यास सांगतात, ते चित्र स्पष्ट यावे म्हणून. तो उपचार नव्हे. शिवाय तेथे जे उजळते ते सारेच कर्करोग नसते. मेंदू उजळतो, साधी सूजही उजळते. मधुमेह असणाऱ्यांनी साखरेचा हिशेब ठेवायचा, तो डॉक्टरांच्या सल्ल्याने.

चौविहार पाळणाऱ्या रुग्णाची अडचण खरी असते, कारण औषधांमुळे एका वेळी फारसे जेवण जात नाही. पण आहारतज्ज्ञांना हे आधीच सांगितले, तर सूर्योदय ते सूर्यास्त या वेळात पाच-सहा लहान आहार बसवता येतात: मुगाचे घट्ट वरण, पनीर, दही, तूप घातलेला मऊ भात. औषधांच्या वेळाही त्याच भेटीत विचारून घ्याव्यात.