कथेची रचना आणि शालेय अध्यापन : दृष्टांतपाठाच्या निमित्ताने

माध्यमिक शाळेतून महाविद्यालयात आलेल्या विद्यार्थ्याला कथेची रचना विचारली, तर तो कथानक सांगतो. सिंदी मेघे परिसरातून प्रथम वर्षाला येणाऱ्या विद्यार्थ्यांबाबत प्रस्तुत लेखकाचा हाच अनुभव आहे. दोष विद्यार्थ्यांचा नाही. मुद्द्यांवरून कथा लिहून तिला शीर्षक व तात्पर्य जोडणे, हा मराठीच्या तासाचा परिपाठ आहे. इंग्रजीच्या तासाला आरंभ, वाढता संघर्ष, उत्कर्षबिंदू, शेवट अशी आकृती फळ्यावर येते. या आकृतीचे मूळ गुस्ताव फ्रायटाग या जर्मन लेखकाने १८६३ साली केलेल्या पाच अंकी नाटकाच्या विवेचनात आहे. नाटकाचे माप कथेला लावताना आपण थांबून विचार करीत नाही.

वास्तविक रचना म्हणजे घटनांचा क्रम नव्हे. कोठून आरंभ करावा, काय दडवून ठेवावे, कोणाच्या तोंडून सांगावे, या निवडींची ती व्यवस्था आहे. ती समजावून देण्यासाठी आपल्या भाषेत तेराव्या शतकाच्या अखेरचे एक उत्तम साधन उपलब्ध आहे. केसोबासांनी संकलित केलेल्या 'दृष्टांतपाठा'त प्रत्येक घटकाचे तीन भाग पडतात : सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक. सूत्र व दृष्टांत श्रीचक्रधरांचे, तर त्यांचा संबंध उलगडणारे दार्ष्टांतिक केसोबासांचे, असे सामान्यतः मानले जाते. म्हणजे कथा सांगणारा एक आणि अर्थ जोडणारा दुसरा. वाचकाचा वाटा येथे रचनेतच मान्य झालेला आहे.

आंधळे आणि हत्ती यांचा दृष्टांत नववीच्या वर्गात घेता येईल. हाती आलेला अवयव म्हणजेच हत्ती, असे त्यातील प्रत्येकाला वाटते. प्रथम केवळ कथा सांगावी आणि दार्ष्टांतिक विद्यार्थ्यांना लिहू द्यावे. नंतर सूत्र आधी ठेवून तीच कथा पुन्हा वाचावी. घटना त्याच राहतात. परंतु आधी सूत्र कळल्याने ऐकणाऱ्याची अपेक्षा बदलते. रचना म्हणजे काय, हे येथे व्याख्येवाचून कळते.

दृष्टांत हा बोधपर असल्याने आधुनिक कथेच्या आकलनास तो अपुरा आहे, असा आक्षेप घेतला जाईल. तो अंशतः मान्य करावा लागेल. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसं' (१९४९) मधील व्यक्तिचित्रांना किंवा गंगाधर गाडगीळांच्या नवकथेला असे उघड सूत्र नाही. परंतु सूत्राची जागा ज्याने ओळखली आहे, त्यालाच ती रिकामी असल्याचे जाणवेल. त्या जागी लेखकाने काय ठेवले, हा प्रश्नही तोच विचारील. तात्पर्य शोधण्याची सवय लागलेला विद्यार्थी मात्र अशा कथेपुढे 'यात काही घडतच नाही' म्हणून पुस्तक मिटतो, आणि पुढे पदवीच्या वर्गातही ते सहसा उघडत नाही. ही हानी शालेय गुणपत्रिकेत दिसत नाही. ती आपल्याला भरून काढावी लागते.