ते झाड मेलेलं नाही!



गेल्या जानेवारीत मधल्या सुट्टीत चौथीची मुलं धावत आली. "बाई, कुंपणापलीकडचं झाड मेलं! सोसायटीवाले ते तोडणार आहेत!"

जाऊन पाहिलं, तर ती काटेसावर. आपल्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आहे ना, तीच. अंगावर एकही पान नाही. मी खालची बारीक काडी धरून नखाने साल जराशी खरवडली. आत हिरवंगार! "मेलेल्या फांदीत हिरवा रंग असतो का रे?" सगळे गप्प. मग एकीला काडीवरची बारीक गाठ दिसली.

त्या गाठीला बागायतदार 'डोळा' म्हणतात. पुढची पालवी झाड त्यात आधीच तयार करून ठेवतं. मग डोळा लगेच का उघडत नाही? कारण 'थांब' असं सांगणारी जनुकं. जनुक म्हणजे पेशीत लिहिलेली सूचना.

मेक्सिकोत पीचचं एक झाड सापडलं. ते हिवाळ्यातही झोपत नाही, वाढतच राहतं. त्याच्यातली 'डॅम' नावाची सहा जनुकं कामच करत नाहीत, असं २००८ साली शास्त्रज्ञांनी दाखवलं. असं झाड कडक थंडीच्या मुलखात लावलं, तर कोवळे शेंडे करपतात. म्हणजे झोप हा आळस नव्हे, ते संरक्षण आहे! साध्या पीचने पुरेशी थंडी सोसली, की 'थांब'चा आवाज बारीक होत जातो. पॉपलर झाडात तर २०१४ साली 'ऊठ' सांगणारं जनुकही सापडलं. त्याचं काम वाढवलं तर डोळे लवकर फुटले, कमी केलं तर उशिरा.

नाशिकच्या द्राक्षवेलींना एवढी थंडी मिळत नाही. म्हणून ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत यासाठी बागायतदार त्यांना औषध लावतात.

मुंबईत तर थंडी नावालाच! इथला दिवस डिसेंबरात सुमारे अकरा तासांचा, जूनमध्ये सव्वातेरा तासांचा. मोसमी पावसाच्या मुलखातली कित्येक झाडं दिवस वाढू लागल्याची खूण ओळखतात आणि पाऊस येण्याआधीच पालवतात.

आमच्या सावरीचं काय झालं? मुलांनी ती हिरवी काडी सेक्रेटरीकाकांना दाखवली. शहरातलं झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही, असा १९७५ सालचा कायदा आहे, हेही मी सांगितलं. काका म्हणाले, "बरं, महिनाभर थांबू." फेब्रुवारीत झाड लालभडक फुलांनी भरलं. कावळे, साळुंक्या, बुलबुल यांची जत्राच जमली! काका स्वतः मुलांना बोलवायला आले. मार्चअखेर पानांचे डोळेही उघडले.

आता तुमचं काम. घराजवळचं एक उघडं झाड निवडा. एकाच काडीला, एकदाच, हलकेच नख लावा. हिरवं दिसलं तर वहीत तारीख लिहा आणि रोज डोळ्यावर डोळा ठेवा. पहिलं पान फुटेल, त्या दिवशीची तारीखही लिहा. पुढच्या वर्षी ताडून बघा.

आणि कुणी कुऱ्हाड घेऊन आलंच, तर आधी ती काडी दाखवा.