‘नॉर्मल’ अहवालावर फाईल बंद करू नका

मा. संपादक,

सेरंगूनमधल्या आम्हा मराठी घरांत गावाकडचे वैद्यकीय अहवाल व्हॉट्सअ‍ॅपवर येतात आणि पाठोपाठ विचारणा होते, ‘सिंगापूरला आणू का?’ एमपीएस अर्थात म्युकोपॉलिसॅकरायडोसिसचा संशय असेल, तर त्याची गरज नाही. सुरुवात मुलाच्या लघवीपासून, तिथेच करता येते.

या आनुवंशिक आजारांत एखादे एन्झाइम काम करत नाही. मग ग्लायकोसअमिनोग्लायकन ही द्रव्ये पेशींत साठतात आणि लघवीत उतरतात. अशा लघवीत डायमिथाइलमिथिलीन ब्लू हे निळे रंगद्रव्य जांभळट होते. पुढे इलेक्ट्रोफोरेसिसने ही द्रव्ये वेगळी केलेल्या पट्टीवर त्यांपैकी डर्माटन व हेपरन दोन्ही दिसले तर हर्लर किंवा हंटर, नुसते हेपरन दिसले तर सॅनफिलिपो, केराटन दिसले तर मॉर्किओ, असा एमपीएसच्या प्रकाराचा अंदाज बांधता येतो.

पण हा अंदाजच. सॅनफिलिपो आणि मॉर्किओत रंगचाचणी चकवू शकते, लघवी पातळ असली तर जास्तच. तान्ह्या बाळांत ही द्रव्ये मुळातच अधिक असतात, म्हणून क्रिएटिनिनशी प्रमाण काढून वयाप्रमाणे ताडून पाहावे लागते. एवढे न करता ‘नॉर्मल’ लिहिले की सॅनफिलिपोचे पोर ‘चंचल’, ‘हट्टी’ ठरून वर्षे वाया जातात.

हर्लर आणि हंटर तर पट्टीवर सारखेच दिसतात. ते वेगळे होतात रक्तातील एन्झाइम तपासल्यावर. हंटर आईकडून मुलग्यांत उतरतो, म्हणजे मावशीचीही तपासणी हवी. हर्लरमध्ये आईवडील दोघे वाहक असतात. मामाच्या मुलीशी लग्नाची रीत असलेल्या घरांनी हे जाणून घ्यावे. शिवाय तीव्र हर्लरमध्ये अस्थिमज्जा प्रत्यारोपण लहान वयातच करावे लागते, म्हणून हा फरक लवकर कळायला हवा.

‘मग थेट जनुकच का तपासू नये?’ असे विचारले जाते. जनुकाच्या अहवालात कधी कधी अर्थ न लागणारे बदल निघतात. तो बदल रोगाचाच आहे का, हे ठरवायला लघवी आणि एन्झाइमचीच साक्ष काढावी लागते.

2021च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाखाली मुंबईच्या केईएम रुग्णालयासारख्या केंद्रांत 50 लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. पण निदानाशिवाय तिथवर पोहोचणार कसे? जिल्हा रुग्णालयांतून लघवीचे नमुने अशा केंद्राकडे पाठवण्याची सोय शासनाने करावी. आणि प्रत्येक अहवालावर छापावे: ‘लक्षणे असल्यास एन्झाइम तपासणी करावी.’

आपला,
एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
सेरंगून, सिंगापूर