कार्यस्थळ हेही निदानपरिवर्जनच



मुळा-मुठेच्या काठचे खराडी हे गाव आज इऑन आयटी पार्क आणि वर्ल्ड ट्रेड सेंटर यांच्या नावाने ओळखले जाते. साहजिकच आमच्या चिकित्सालयात संगणक कंपन्यांतील स्त्रिया मोठ्या संख्येने येतात. निद्रानाश, अम्लपित्त, अर्धावभेदक या त्यांच्या नित्याच्या तक्रारी होत. त्यांपैकी एका भगिनीच्या अनुभवावरून सुचलेले विचार, त्यांच्या संमतीने व त्यांची ओळख न देता, येथे मांडत आहोत.

दोन वर्षे आमची औषधे घेऊनही त्यांना तात्पुरताच उपशय मिळत असे. पुढे वयाच्या सदतिसाव्या वर्षी मनोविकारतज्ज्ञांनी स्वमग्नतेचे निदान केले. कामात त्या अत्यंत चोख. परंतु झगझगीत दिवे, एकाच वेळी चाललेली चार संभाषणे आणि ऐनवेळी बदललेले काम त्यांना असह्य होई. दिवसभर इतरांसारखे दिसण्याची धडपड करून त्या सायंकाळी अंधाऱ्या खोलीत पडून राहत. अनेक स्त्रिया हे इतके बेमालूम लपवतात की त्यांचे निदान होण्यास निम्मे आयुष्य जाते. १९४३ साली लिओ कॅनर यांनी वर्णिलेल्या ११ बालकांत मुली अवघ्या ३ होत्या. स्वमग्नतेचे चित्र तेव्हापासून मुलग्यांवरूनच रेखाटले गेले.

निदानानंतर त्यांच्या वरिष्ठांनी त्यांना कोपऱ्यातील शांत जागा दिली. कामाच्या सूचना लेखी मिळू लागल्या, बैठकीचे विषय आदल्या दिवशी कळू लागले आणि कानांवर आवाजरोधक यंत्र लावण्यास कोणी हसेनासे झाले. तीन महिन्यांत शिरःशूलाचे वेग विरळ झाले व झोप सुधारली. औषधयोग आम्ही बदललेला नव्हता. तेव्हा श्रेय कोणाचे, हे सांगणे न लगे. निदानपरिवर्जनास आपण चिकित्सेत अग्रस्थान देतो. ते आमच्याआधी त्या वरिष्ठांनी केले.

मेंदूची घडण बहुसंख्यांहून निराळी असणाऱ्यांना आज न्यूरोडायव्हर्जंट म्हणतात. हा शब्द म्हणजे आपल्या वातादि प्रकृतींचा पर्याय नव्हे, तशी ओढाताण करू नये. तथापि चरकोक्त दशविध परीक्षेत प्रकृती आणि विकृती यांची परीक्षा स्वतंत्र सांगितली आहे. माणसे मुळातच भिन्न असतात व प्रत्येक भिन्नता व्याधी नसते, हे आपल्याला नव्याने शिकावयाचे नाही. म्हणूनच स्पष्ट लिहितो : स्वमग्नता नाहीशी करणारे औषध कोणत्याही पॅथीकडे नाही. झोप, पचन, वेदना यांची चिकित्सा अवश्य करावी. परंतु मेध्य रसायनाच्या बाटलीवर तसा दावा करून ती विकणे हा रुग्णाचा विश्वासघात आहे.

आता स्वतःकडे पाहू. काही वर्षांपूर्वी आमच्या औषधालयात एक तरुणी पुड्या बांधण्याचे काम करीत असे. तिच्या वजनात गुंजभर चूक नसे. मात्र दोन रुग्ण आणि दूरध्वनी एकाच वेळी आले की ती गोंधळून स्तब्ध होई. बोलताना नजर टाळी. रुग्ण तिला उद्धट म्हणत. आम्ही चारचौघांत तिला रागावलो. चौथ्या महिन्यात ती काम सोडून गेली. तिची घडण कोणती होती, हे आज ठरविण्याचा आम्हांस अधिकार नाही. पण तिला मागच्या खोलीत मेज आणि हाती लेखी यादी देण्यास आम्हांस एक पैसाही पडला नसता, ही खंत आहे.

कोणी म्हणेल, दोन माणसांच्या दुकानात असे लाड परवडत नाहीत. आमचा अनुभव उलट आहे : निष्णात हात गमावणे महाग पडते. मुंबईत जुहू येथे २०१८ साली यश चॅरिटेबल ट्रस्टने सुरू केलेल्या 'कॅफे अर्पण'मध्ये स्वमग्न व बौद्धिक दिव्यांग प्रौढ ग्राहकांची सेवा करतात. तेथे जे शक्य होते, ते आपल्या औषधालयात अशक्य का मानावे?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा समावेश आहे आणि कलम २१ अन्वये आस्थापनांनी समान संधी धोरण जाहीर करावयाचे असते. एडीएचडीचा त्या यादीत स्वतंत्र उल्लेख नाही. मात्र समजूतदारपणासाठी प्रमाणपत्राची वाट पाहावी लागत नाही.

सर्व वैद्य व औषधालयचालक बंधू-भगिनींना नम्र विनंती आहे की, मदतनीस भगिनीस 'मंद' वा 'विचित्र' म्हणण्यापूर्वी तिला एकदा एकांतात विचारावे : "काम करताना तुम्हांला कशाचा त्रास होतो?" रुग्णास प्रश्नपरीक्षा, मग सहकाऱ्यास का नको?