वजनाचा काटा आणि लिंगसंक्रमणाची वाट

महाराष्ट्र पोलीस दलात महिला शिपाई म्हणून भरती झालेल्या ललित साळवे यांनी लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली, तेव्हा २०१७ च्या अखेरीस राज्यभर मोठी चर्चा झाली. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात त्यांच्यावर पहिली शस्त्रक्रिया झाली. त्या चर्चेत सेवानियम होते, कायदा होता, शस्त्रक्रियेविषयीचे कुतूहलही होते. अशा प्रत्येक बातमीत शस्त्रक्रिया हाच केंद्रबिंदू ठरतो. प्रत्यक्षात लिंगसंक्रमण ही एका दिवसाची घटना नसून कित्येक वर्षे चालणारी प्रक्रिया आहे. त्या वर्षांत शरीराचे काय होते, भूक कशी बदलते, वजन कुठे जाते आणि त्याची काळजी कोण घेते, हा प्रश्न मात्र सार्वजनिक चर्चेत जवळजवळ येतच नाही.

संप्रेरकोपचार सुरू झाले की शरीराची घडण बदलू लागते. पारलिंगी स्त्रियांना इस्ट्रोजेन आणि त्याच्या जोडीला पुरुषी संप्रेरकाला रोखणारे औषध दिले जाते. पारलिंगी पुरुषांना टेस्टोस्टेरॉन. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१७ साली तोवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. पारलिंगी स्त्रियांचे वजन सरासरी १.८ किलोने, तर पारलिंगी पुरुषांचे १.७ किलोने वाढल्याचे त्यात दिसले. आकडे जवळजवळ सारखेच. पण आत घडले ते अगदी उलट. स्त्रियांमध्ये चरबी ३ किलोने वाढली आणि स्नायूंचा भाग २.४ किलोने घटला. पुरुषांमध्ये चरबी २.६ किलोने कमी झाली आणि स्नायू ३.९ किलोने वाढले. म्हणजे संक्रमणाच्या काळात वजनाचा काटा जे सांगतो, ते अपुरे असते. काट्यावर दोन किलो वाढलेल्या पारलिंगी पुरुषाला ‘खाणे कमी करा’ असा सल्ला देणे हे अनेकदा त्याच्या नव्या स्नायूंवरच घाव घालणे ठरते.

आहारशास्त्राची कोष्टके या बाबतीत फारशी उपयोगी पडत नाहीत, कारण ती स्त्री आणि पुरुष अशा दोनच रकान्यांत मांडलेली आहेत. विश्रांतीच्या अवस्थेत शरीराला किती ऊर्जा लागते, हे काढण्याचे मिफ्लिन-सेंट जॉर हे सूत्र जगभर वापरले जाते. वय, उंची आणि वजन तेच ठेवले, तरी केवळ ‘स्त्री’ऐवजी ‘पुरुष’ लिहिल्याने त्यात दिवसाला १६६ कॅलरींचा फरक पडतो. भारतीयांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर मानली जाते. उपचारांचे दुसरे वर्ष चालू असलेल्या व्यक्तीने यांतला कोणता रकाना धरायचा? याचे सरळ उत्तर असे की, कोणताही एक रकाना अंतिम मानू नये. त्या व्यक्तीचाच आधीचा आणि आताचा कमरेचा घेर, रक्तदाब, रक्तातील साखर आणि मेदाचे प्रमाण यांची तुलना करत जावे. त्यासाठी नियमित तपासणी लागते, आणि ती होईल असे दवाखाने आपल्याकडे मोजकेच आहेत.

वजनाचा प्रश्न खरा टोकदार होतो तो शस्त्रक्रियेच्या दारात. उंचीच्या प्रमाणात वजन मोजणारा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर बरेच शल्यविशारद शस्त्रक्रियेस नकार देतात. ही मर्यादा कुठे ३०, कुठे ३५, तर कुठे ४० असते. या नकारामागे वैद्यकीय कारणे आहेत, हे मान्य केले पाहिजे. स्थूल व्यक्तीला भूल देण्यात जोखीम अधिक असते, जखम भरण्यास वेळ लागतो, रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. परंतु ‘वजन कमी करून या’ एवढेच सांगून रुग्णाला परत पाठवले, की वैद्यकीय सावधगिरीचे रूपांतर बंद दारात होते. ज्याने आयुष्याची वीस-पंचवीस वर्षे या एका दिवसाची वाट पाहिली, तो मग दोन महिन्यांत पंधरा किलो उतरवण्याच्या मागे लागतो. उपाशी राहतो, प्रथिने सोडतो, कुणाच्या तरी सल्ल्याने चूर्णे आणि गोळ्या घेतो. कुपोषित शरीराची जखमही नीट भरत नाही, हे शल्यविशारदांना ठाऊक असतेच. म्हणजे ज्या धोक्यापासून वाचवण्यासाठी अट घातली, तोच धोका ती अट दुसऱ्या वाटेने आत आणते.

उपाशी राहण्याला आणखी एक कारण असते आणि त्याविषयी आपण बोलत नाही. आपले शरीर आपले वाटत नसेल, तर अन्न हे त्या शरीराला नियंत्रणात ठेवण्याचे साधन बनते. मासिक पाळी थांबावी, छाती आणि नितंब दिसू नयेत म्हणून काही पारलिंगी तरुण जेवण तोडतात. खांदे आणि बाहू बारीक व्हावेत म्हणून काही पारलिंगी तरुणी तेच करतात. याला केवळ बारीक होण्याची हौस म्हणता येणार नाही. हा खाण्याशी निगडित मानसिक विकार होऊ शकतो. अशा व्यक्तीच्या हाती कॅलरींचा तक्ता देण्याआधी समुपदेशकाची मदत मिळायला हवी. याच्या उलट, आधी वजन वाढवायचे आणि मग उतरवायचे, म्हणजे चरबी ‘योग्य’ जागी बसते, अशीही एक समजूत प्रचलित आहे. तिला भक्कम वैद्यकीय आधार नाही. चरबीची जागा संप्रेरके आणि आनुवंशिकता ठरवतात आणि तिला दोन-तीन वर्षे लागतात.

मग खावे काय? सुदैवाने याचे उत्तर महागड्या डब्यांत नसून आपल्या घरच्या ताटातच बरेचसे आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे साठ किलोच्या व्यक्तीला सुमारे ५० ग्रॅम. मटकीची उसळ, पिठले, डाळ, दही, अंडी, मासे यांतून ती मिळू शकतात. संप्रेरकांचा परिणाम हाडांवरही होत असल्याने कॅल्शियमकडे लक्ष हवे. रोज १००० मिलिग्रॅमची शिफारस आहे आणि शंभर ग्रॅम नाचणीतून त्याचा तिसरा हिस्सा मिळतो. भाकरीच्या जोडीला भाजी वाढवावी, तेल-साखर आवरावी आणि स्नायू टिकवण्यासाठी वजने उचलण्याचा व्यायाम करावा.

काही सूचना औषधांशी निगडित आहेत. स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांच्या रक्तात पोटॅशियम वाढू शकते. त्यामुळे शहाळ्याचे पाणी ‘आरोग्यदायी’ म्हणून रोज पिण्यापूर्वी आणि कमी सोडियमचे मीठ वापरण्यापूर्वी डॉक्टरांना विचारले पाहिजे. टेस्टोस्टेरॉनने रक्त दाट होऊ शकते, म्हणून त्याची वेळोवेळी तपासणी हवी. इस्ट्रोजेन घेताना धूम्रपान म्हणजे गुठळ्यांना आमंत्रण. स्वस्त म्हणून संततिनियमनाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेण्याची पद्धत तर विशेष धोक्याची आहे. स्थूलपणाची भर पडली की तो धोका आणखी वाढतो. वजन घटवणारी मोंजारो आणि वेगोव्ही ही इंजेक्शने २०२५ मध्ये भारतात आली. त्यांनी भूक मंदावते, पण चरबीबरोबर स्नायूही घटतात. म्हणून तीही वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावीत.

हा सारा सल्ला ज्याच्या घरात चूल आहे त्याच्यासाठी ठीक. घरातून बाहेर काढलेल्या, भाड्याची खोली नाकारल्या गेलेल्या, दुकानोदुकानी मागून किंवा रात्री रस्त्यावर उभे राहून पोट भरणाऱ्या व्यक्तीचे जेवण म्हणजे वडापाव, चहा आणि मध्यरात्रीची बिर्याणी. व्यायामशाळेत जावे, तर कपडे कुठल्या खोलीत बदलायचे, इथपासून अडचण. २०११ च्या जनगणनेत ‘इतर’ या रकान्यात देशभरात सुमारे ४ लाख ८८ हजार व्यक्तींची नोंद झाली, त्यांपैकी महाराष्ट्रातील सुमारे ४१ हजार. त्यांच्यातील स्थूलपणाकडे वैयक्तिक आळस म्हणून पाहणे अन्यायाचे आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या नालसा निकालात पारलिंगी व्यक्तींच्या आरोग्यसेवेची जबाबदारी सरकारवर टाकली. २०१९ च्या कायद्याच्या १५ व्या कलमात संप्रेरकोपचार, शस्त्रक्रिया आणि समुपदेशन यांचा उल्लेख आला. ऑगस्ट २०२२ मध्ये आयुष्मान भारत योजनेच्या अंतर्गत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण जाहीर झाले. या तरतुदी स्वागतार्ह आहेत. परंतु शस्त्रक्रियेचा खर्च देणारी व्यवस्था त्या शस्त्रक्रियेसाठी शरीर तयार करण्याचा विचार करणार नसेल, तर ती अर्ध्यावरच थांबेल. वजनाची अट घालणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने आहारतज्ज्ञ, समुपदेशक आणि ठरावीक मुदतीनंतरच्या फेरतपासणीची तारीख रुग्णाच्या हाती दिली पाहिजे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत आहारतज्ज्ञांची पदे असतात. त्यांना या विषयाचे प्रशिक्षण देण्यास फार मोठा निधी लागणार नाही.

देशातील एकूण रोगभारापैकी ५६.४ टक्के भार सदोष आहारामुळे आहे, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे. त्या भारातून पारलिंगी व्यक्ती सुटलेल्या नाहीत. उलट, चुकीचा आहार त्यांना आजार तर देतोच, शिवाय ज्या शरीरात सुखाने जगावे म्हणून त्या एवढी धडपड करतात, त्या शरीरापर्यंत पोहोचण्याची वाटही अडवतो. ती वाट मोकळी करण्याचे काम एकट्या रुग्णावर सोडून चालणार नाही.